देव्हाऱ्यातला पाना

घरात नवी वस्तू आली की आपण पहिलं काम काय करतो? तिच्यावरचं प्लॅस्टिक काढत नाही! खुर्चीचं काढत नाही, गादीचं काढत नाही, आणि टीव्हीला तर झालर लावून झबलंच शिवतो. वस्तू आपली, पैसा आपला, पण पुढे कितीतरी दिवस आपण तिच्यासमोर पाहुण्यासारखे अंग चोरून बसतो. पाडळखेड्याच्या रुपचंदभाऊंचं त्यांच्या नव्या जीपच्या बाबतीत अगदी असंच झालं होतं.

पाडळखेडं बोदवडच्या स्टेशनापासून बरंच आत. रस्ता असा की पोटातलं पाणीही जागेवर राहत नाही. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर बोदवड गाठायचं, आणि एसटी अशी गुणाची की ती गावात यायची भर दुपारी, म्हणजे बोदवडच्या शाळेत निम्मे तास उरकल्यावर. मुलं सायकली हाणत जात. मुलींना सायकल कोण देणार? त्यामुळे सातवी झाली की मुली शेतात, नाहीतर बोहल्यावर.

हा शिरस्ता मोडला तो रुपचंदभाऊंच्या जुन्या जीपने. धुळ्याच्या सरकारी लिलावातून आणलेली ती गाडी. रंग उडालेला, एक दार सुतळीने बांधलेलं. सकाळी भाऊ बोदवडला भाडं न्यायचे, तेव्हा मागच्या बाकावर गावातल्या सात मुलींना कोंबून शाळेच्या दारात सोडायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. रुपचंदच्या गाडीत आहे ना, मग जाऊ दे, असं मुलींचे बापही म्हणू लागले. शेवंता नावाची एक मुलगी तर याच गाडीतून आठवी, नववी पार करून दहावीत पोहोचली होती. पाडळखेड्याच्या इतिहासात दहावीला बसणारी ही पहिली मुलगी!

जुनी जीप रोज कुठेतरी बंद पडायची आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. भाऊ उतरायचे, बॉनेट उघडायचे, मान तिरकी करून इंजिनाला कान लावायचे. "खोकला झालाय हिला," एवढंच म्हणायचे, आणि टपरीवर गेलेल्या प्रवाशांचा चहा संपायच्या आत गाडी पुन्हा गुरगुरू लागायची. रुपचंद गाडीची नाडी बघतो, असं गावातले म्हातारे म्हणत. नाडीपरीक्षा कुणी शिकवली नव्हती. वर्षानुवर्षं हात काळे करून ती बोटांत उतरली होती.

मग ती मोडीत काढून भाऊंनी नवी जीप घेतली. जळगावच्या काचेच्या शोरूममधली, कोरी करकरीत! मॅनेजर अभिमन साहेबांनी नारळ फोडून किल्ली हातात दिली, बॉनेट उघडलं आणि डिझेलच्या पंपापासून नळीपर्यंत ओवलेली एक तार दाखवली. तारेच्या टोकाला शिशाचं गोल सील होतं.

"हे नीट बघून ठेवा, भाऊ," साहेब म्हणाले. "काही झालं तर गाडी आमच्याकडे आणायची. बाहेर पाना लागला, सील तुटलं, की गॅरंटी गेली."

भाऊंनी सीलला हात जोडले. खरंच जोडले!

त्या सालच्या खंडेनवमीला गावात घरोघर कुदळी, विळे, कुऱ्हाडी धुऊन पुसून पूजेला मांडले गेले. भाऊंनी गाडीबरोबर आलेली पान्यांची लाल पेटी पाटावर ठेवली. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. अंगणात जाऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्या सीललासुद्धा हळदीकुंकू वाहिलं. दसऱ्याला सगळ्या गावाची अवजारं पूजेतून उठली आणि कामाला लागली. भाऊंची पेटी मात्र देव्हाऱ्यातच राहिली. पाना लावायचाच नाही, मग देवाजवळ सुरक्षित राहील, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या पत्नी ताईबाई रोज पेटीवर झेंडूचं फूल ठेवू लागल्या.

या प्रकाराला घरातलं एकच माणूस हसलं. ते म्हणजे भाऊंची मोठी भावजय, झुंबरबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे रंगात आल्या की अहिराणीत बोलायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी पिठाची गिरणी स्वतः चालवायला घेतली होती. गिरणीच्या दगडाची धार गेली की अक्का पदर खोचून, हातात छिन्नी-हातोडा घेऊन दगडाला टाकी लावायला बसायच्या. भुवया पिठाने पांढऱ्या, आवाज गिरणीच्या वरचा. देव्हाऱ्यातली पेटी बघून त्या म्हणाल्या, "का हो भाऊ, देवले काय नट आवळाना शेतस?"

देवाला कुठले नट आवळायचे! भाऊ कसनुसं हसले. पेटी जागची हलली नाही.

दिवाळी सरली, थंडी पडली, आणि एका सकाळी नाल्याच्या चढावर नव्या जीपला खोकला झाला. एकदा ठसकली, दोनदा ठसकली, आणि गप्प. मागे मुली दप्तरं घेऊन बसलेल्या. भाऊ उतरले. बॉनेट उघडलं. मान आपोआप तिरकी झाली. कानाने क्षणात सांगितलं की डिझेलची रबरी नळी कुठेतरी चिरली आहे आणि हवा ओढते आहे. हात पुढे गेला... आणि वाटेत ते सील आलं, कुंकवाचं बोट लागलेलं. हात मागे आला.

"काका, काय झालं?" शेवंताने विचारलं.

"बघतील ते जळगाववाले," भाऊ म्हणाले.

मुली त्या दिवशी पायी घरी आल्या. जीप आधी ट्रॅक्टरला बांधून बोदवडला आणि तिथून ट्रकवर चढून जळगावला गेली. नवी कोरी गाडी ट्रकवर बघून लोक हसले. शोरूमच्या मागच्या आवारात ती रांगेत उभी राहिली. अवघ्या खानदेशातून तिथे गाड्या यायच्या, त्यामुळे नंबर लागेल तेव्हा उघडू, असं उत्तर मिळालं. भाऊ पुन्हा गेले आणि फक्त नळी मागितली, तेव्हा सांगण्यात आलं की नळी सुटी विकत नाही, सगळा पंपच बदलावा लागेल आणि तो पुण्याहून येईल. कधी येईल? ते पुण्याला माहीत!

इकडे गावात काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. पहिले काही दिवस मुलींनी मजा केली, चिंचा पाडल्या. मग एकेकीच्या हातात कापूस वेचायची झोळी आली. शेवंताचे वडील तोताराम काही वाईट माणूस नव्हते. लेकीच्या मार्कांचं पारावर कौतुक करायचे. पण रोजची सोबत नाही, तर वयात आलेल्या मुलीला त्या सुन्या रस्त्याने धाडायचं कसं? त्यांनी निरोप पाठवला की सोमवारपर्यंत गाडी सुरू झाली तर ठीक, नाहीतर शेवंताचं नाव काढून घेतो. पहूरकडचे पाहुणे तसंही विचारत आहेत.

दहावीची परीक्षा तोंडावर होती, आणि पाहुणे विचारत होते!

त्या संध्याकाळी शेवंता भाऊंच्या ओट्यावर आली. रडली वगैरे नाही. तिला फक्त एक गोष्ट समजून घ्यायची होती.

"काका, गाडीला नक्की काय झालंय?"

"नळी चिरली आहे."

"त्यांनी सांगितलं?"

"त्यांनी अजून बॉनेट उघडलं नाही. मला आवाजावरून कळलं."

"म्हणजे त्या दिवशीच, नाल्यावरच कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्हाला दुरुस्त करता येत होती?"

भाऊंनी होकाराची मान हलवली. शेवंता नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिली आणि उठून गेली. शिव्या दिल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं.

आतून हे सगळं अक्कांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी गिरणीला कुलूप घातलं, देव्हाऱ्यासमोर हात जोडले, "देवा, तुझं सामान जरा उसनं नेते," असं म्हणून लाल पेटी उचलली आणि पिशवीत टाकली. मग घरोघर फिरून सातही मुलींना गोळा केलं. एका दिवसासाठी अक्कांची सोबत आहे म्हटल्यावर बापांनी हरकत घेतली नाही. अडचण होती ती रोजच्या सोबतीची. मुलींना गणवेश घालायला सांगितला, दप्तरं घ्यायला सांगितली. एका शेतकऱ्याची बैलगाडी बोदवड स्टेशनापर्यंत, आणि पुढे पॅसेंजर. भाऊ मागे मागे. आपण नक्की काय करायला निघालो आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायची हिंमतही नव्हती.

शोरूमच्या काचेच्या दारापाशी भाऊंनी सवयीने चपला काढल्या.

"घाला त्या," अक्का म्हणाल्या. "हे देऊळ नाही."

अभिमन साहेब सभ्य माणूस होते. धुळ्याचे राहणारे, मृदू बोलणारे. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं, अक्कांना खुर्ची दिली. अक्कांनी सरळ सांगितलं की आम्हाला ती एक नळी विकत द्या, आमचा भाऊ बसवून घेईल. साहेबांनी शांतपणे नकार दिला. आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं, असंही नाही बरं का. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने गल्लीतल्या कुणाकडून तरी ब्रेकचं काम करून घेतलं, त्यात भलतंच तेल ओतलं गेलं, आणि गाडी माणसांसकट नाल्यात गेली. बोल लागला कंपनीला. सील असतं ते लोकांच्या जिवासाठी, असं साहेब म्हणाले.

"हे तुमचं खरं," अक्का म्हणाल्या. "ज्याला येत नाही, त्यानं हात लावू नये. पण ज्याला येतं, त्याचे हात कशाला बांधता?"

"कोणाला येतं आणि कोणाला नाही, हे आम्ही कसं ओळखायचं, अक्का?"

"मग शिकवा. खरा माल सुटा विका आणि कशाला हात लावायचा, कशाला नाही, ते दाखवा. तुम्ही माल दडवून ठेवला, तर लोक खोटा माल घेतील आणि पुन्हा नाल्यातच जातील. साहेब, मी गिरणी घेतली तेव्हा दगड विकणारा म्हणाला नाही की टाकी लावायला मलाच बोलवा, नाहीतर पीठ दळायचं नाही. विहीर खणून देणारा रोज पोहरा ओढायला येतो का? त्यानं विहीर दिली, पाणी आमचं."

साहेब हसले, पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. पुण्याहून पंप आला की फोन करू, असं म्हणून ते उठले. आता अक्का काय करतील? भाऊंना वाटलं, भांडतील. अक्का वळल्या आणि मुलींना म्हणाल्या, "पोरींनो, दप्तरं उघडा. आपली शाळा या इथं मागच्या आवारात अडकून पडली आहे. तिथं जाता येत नाही, तर इथंच भरवू."

आणि भरली की हो शाळा! त्या गुळगुळीत फरशीवर, चकचकीत गाड्यांच्या मधोमध, सात मुली मांडी घालून बसल्या. शेवंता बाई झाली. तिने पायथागोरसचा सिद्धांत खड्या आवाजात म्हणायला घेतला, बाकीच्यांनी तिच्यामागे. नंतर इतिहास. मग धाकट्या आठवीतल्या दोघींनी हिंदीची कविता चालीवर धरली. गाडी बघायला आलेलं एक शेतकरी जोडपं गाडी सोडून कविताच ऐकत उभं राहिलं. मुलींना खरं तर भीती वाटत होती. पण सात जणी एकत्र मोठ्याने बोलल्या की भीतीला शिरायला जागा राहत नाही. करून बघा कधी!

साहेबांनी धुळ्याला शोरूमच्या मालकांना, मोठ्या शेठजींना, फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला की तुमच्याकडे शाळेचा आवाज कुठून येतो आहे? साहेबांनी सगळी हकीकत सांगितली. बराच वेळ नुसतं हो जी, हो जी चाललं होतं. शेवटी फोन ठेवून ते बाहेर आले आणि म्हणाले, "शेठजी नळी द्यायला तयार आहेत. पण भाऊ, सील तुमच्या हातानं तुटलं, तर पंपाची आणि नळीची गॅरंटी संपली. बाकी गाडीची राहील. त्यापुढं जायला त्यांनाही परवानगी नाही. आता तुम्ही ठरवा."

सगळ्यांच्या नजरा भाऊंकडे वळल्या.

पंप म्हणजे गाडीचं काळीज. उद्या खरंच बिघडला तर? इतके दिवस दोष सीलचा होता, शोरूमचा होता, पुण्याचा होता. आता कुणाचाच नव्हता. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी पिशवीतून लाल पेटी काढून समोर धरली. झेंडूची एक वाळकी पाकळी अजून झाकणाला चिकटली होती.

"भाऊ, गाडी कोनी शे?" अक्का हळूच म्हणाल्या. "तुनी, का त्यासनी?"

भाऊंनी शेवंताकडे बघितलं. ती आजही त्यांच्या हातांकडेच बघत होती.

त्यांनी पेटी घेतली आणि आवाराकडे निघाले. बॉनेट उघडलं. पक्कड तारेला लावली. कट्! एवढासा आवाज झाला. शिशाचा तो गोळा मातीत पडला आणि आकाश काही कोसळलं नाही. पुढचं काम भाऊंच्या बोटांनी केलं. जुनी नळी निघाली. वाकवून बघितली तर केसाएवढी चीर, कानाने सांगितली होती तशीच. नवी बसवताना बोटं पुरेनात, तेव्हा शेजारून एक पांढऱ्या बाहीचा हात आला आणि त्याने नळी घट्ट धरून ठेवली. अभिमन साहेबांचा हात! इस्त्रीच्या बाहीला डिझेल लागलं होतं.

"मी धुळ्याच्या आयटीआयचा आहे, भाऊ," साहेब म्हणाले. "खुर्चीवर बसल्यापासून पाना धरला नव्हता. आवळा तुम्ही, मी धरतो."

भाऊंनी डिझेलमधली हवा काढली, किल्ली फिरवली. जीप एकदा ठसकली, आणि मग अशी गुरगुरली की मुलींनी पायथागोरसला तिथेच सोडून टाळ्या पिटल्या.

"आते तुना हात तुना व्हयना," म्हणजे आता तुझा हात तुझा झाला, असं अक्का म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. पीठ गेलं असेल डोळ्यात, असं भाऊंनी मनाशी म्हटलं. पण गिरणी तर सकाळपासून बंद होती.

सोमवारी सकाळी पाडळखेड्याच्या पाराजवळ हॉर्न वाजला. तोताराम स्वतः लेकीला घेऊन आले होते. त्यांनी तिचं दप्तर आत ठेवलं, बाकावर हात फिरवून धूळ झटकली आणि म्हणाले, "रुपचंद, पुन्हा बंद पडली तर?"

"तर दुरुस्त करू," भाऊ म्हणाले.

"आणि पहूरकडच्या पाहुण्यांना काय सांगू?"

याचं उत्तर शेवंताने आतून दिलं, "सांगा, पोरीचा अजून नंबर लागला नाही!"

गाडीभर हशा पिकला, आणि तोतारामही हसले. शेवंता मार्चमध्ये दहावीला बसली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. जळगावच्या त्या शोरूमच्या आवारात अभिमन साहेबांनी शेठजींच्या मागे लागून एक खिडकी उघडली. तिथे नळ्या, गाळण्या, पट्टे असं सामान सुटं मिळू लागलं. बाजाराच्या दिवशी साहेब बाह्या सरसावून बाहेर उभे राहायचे आणि गाडीवाल्यांना दाखवायचे की हे घरी करा, हे मात्र आमच्याकडेच आणा, ब्रेकशी खेळू नका. बाहेर पाना लागला म्हणजे गॅरंटी गेलीच, हा नियम मात्र अजून पुरता गेलेला नाही. त्यासाठी बऱ्याच शोरूममध्ये शाळा भरवावी लागेल!

मित्रमैत्रिणींनो, वस्तू बनवणाऱ्याचा मान ठेवावा, त्याचा सल्ला ऐकावा, जिथे जिवाचा धोका आहे तिथे जाणत्याकडेच जावं. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडून बघण्याचा, शिकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क आपला असतो. तो हक्क आपण भीतीपोटी देव्हाऱ्यात ठेवून दिला की नुसती गाडी बंद पडत नाही. त्या गाडीवर ज्यांचं आयुष्य चालतं, त्यांचे रस्ते बंद होतात. कुलूप विकत घेणाऱ्याच्या हातात किल्लीही हवी.

पुढच्या खंडेनवमीलाही भाऊंनी पान्यांची पेटी पूजेला मांडली. दसऱ्याला ती उठली. त्या दिवशी अंगणात जीपचं बॉनेट उघडं होतं आणि सात मुली त्यात डोकं घालून उभ्या होत्या. भाऊ बाजूला बसून सांगत होते की आधी ऐका, मग हात लावा. शेवंताने एक नट आवळला, कपाळावर आलेले केस मागे सारले, आणि तिच्या कपाळावर काळ्या तेलाचं बोट उमटलं.

ताईबाई पुसायला पुढे आल्या. अक्का म्हणाल्या, "राहू दे. आज दसरा आहे. शोभतं तिला."